विज्ञान शिबिर: अर्ज फेब्रुवारीत, तयारी त्याआधी

वार्षिक परीक्षा संपत आल्या की पालकांचे प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. ‘मुलीला इस्रोच्या शिबिराला पाठवायचं आहे, फी किती?’ ‘रोबोटिक्सच्या दहा दिवसांच्या वर्गाला बारा हजार मागताहेत, द्यावेत का?’ ‘प्रमाणपत्राचा अकरावीच्या प्रवेशाला उपयोग होतो का?’ ‘आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, इथे असलं काही नसतं. मग?’

थोडक्यात उत्तरं अशी: इस्रोच्या शिबिराला फी नसते, पण एप्रिलमध्ये विचारलंत तर उशीर झालेला असतो. बारा हजार द्यावेत की नाही हे मुलाच्या हाताला किती काम मिळणार यावर ठरतं. प्रमाणपत्राचा प्रवेशाला उपयोग नाही. आणि गावातही बरंच काही करता येतं. आता हेच सविस्तर पाहू.

आधी तीन गोष्टी ठरवा

१. इयत्ता. सरकारी उपक्रमांत वयापेक्षा इयत्तेची अट कडक असते. एका वर्षाचा फरक पडला तरी अर्ज बाद होतो.

२. मुक्काम. मूल घराबाहेर दोन आठवडे राहू शकतं का? पाचवी-सहावीच्या मुलासाठी रोज सकाळी जाऊन दुपारी परत येण्याचा वर्ग बहुधा बरा.

३. ओढ. मूल रिकाम्या वेळात काय करतं ते आठवडाभर बघा. खेळण्याचा स्क्रू काढणाऱ्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्स आवडेल. मुंग्यांच्या रांगेमागे जाणाऱ्याला कोडिंगच्या वर्गात बसवलंत तर त्याचा आणि तुमचा, दोघांचाही वेळ वाया जाईल. विज्ञान म्हणजे फक्त रोबोट ही समजूत जाहिरातींनी करून दिली आहे. पक्षी, माती, तारे, सुतारकाम हेही त्यातच येतं.

निवडीतून मिळणारी, विनामूल्य शिबिरं

इस्रोचा ‘युविका’ उपक्रम. युवा विज्ञानी कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. मे महिन्यात सुमारे दोन आठवडे मुलं श्रीहरिकोटा, तिरुवनंतपुरम, अहमदाबाद, हैदराबाद, डेहराडून अशा एखाद्या केंद्रात राहतात. प्रवास, राहणं, जेवण आणि अभ्याससाहित्य यांचा खर्च इस्रो करते. नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य असते. ती साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चमध्ये संपते.

इथे दोन ठिकाणी गल्लत होते. पहिली इयत्तेची. १ जानेवारीला विद्यार्थी नववीत शिकत असावा लागतो. सीबीएसईची मुलं एप्रिलमध्ये नववीत जातात, म्हणून त्याच वर्षी अर्ज करायला धावू नका. त्यांचा नंबर पुढच्या वर्षी. कोणत्याही मंडळाच्या मुलाला ही संधी एकदाच मिळते. दुसरी गल्लत निवडीबद्दल. निवड मुलाखतीने किंवा ओळखीने होत नाही. अलीकडच्या वर्षांतली गुणांची विभागणी अशी राहिली आहे:

- आठवीच्या परीक्षेतले गुण: ५० टक्के
- ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकत असल्यास: १५ टक्के
- ऑनलाइन प्रश्नमंजूषा: १० टक्के
- गेल्या तीन वर्षांत शासकीय विज्ञान प्रदर्शनात सहभाग: पातळीनुसार कमाल १० टक्के
- ऑलिम्पियाड किंवा तत्सम स्पर्धेतलं बक्षीस: कमाल ५ टक्के
- क्रीडास्पर्धेतलं यश: कमाल ५ टक्के
- स्काउट-गाइड, एनसीसी किंवा एनएसएस: ५ टक्के

ही यादी नीट वाचलीत तर लक्षात येईल की अर्ज नववीत भरायचा असला तरी त्याचे गुण सहावी ते आठवीत जमतात. खेड्यातल्या मुलाला त्यात स्पष्ट झुकतं माप आहे. मुख्याध्यापकांची सही-शिक्क्याची पडताळणी लागते, तेव्हा प्रदर्शनाची प्रमाणपत्रं त्या-त्या वर्षीच एका फाइलमध्ये लावून ठेवा.

ऑलिम्पियाडची शिबिरं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं केंद्र. एप्रिल ते जून या काळात ते ऑलिम्पियाडची प्रशिक्षण व निवड शिबिरं घेतं. तिथे थेट प्रवेश नाही. नोव्हेंबरमधली राष्ट्रीय पातळीवरची पहिली परीक्षा, मग नव्या वर्षाच्या सुरुवातीची दुसरी, आणि त्यातून निवडलेली मोजकी मुलं शिबिराला. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड असतं. नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते.

इथेच आणखी एक घोटाळा निस्तरू. सहावी आणि नववीच्या मुलांची ‘डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा’ वेगळी आणि मानखुर्दचं केंद्र वेगळं. स्पर्धा मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते. ती चांगली आहे, पण तिच्यातून ऑलिम्पियाडच्या शिबिराचा रस्ता निघत नाही.

आयुकाचा उन्हाळी उपक्रम. पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था आयुका सुट्टीत शाळकरी मुलांना आठवड्या-आठवड्याच्या तुकड्यांनी बोलावते. मुलं संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली एखादा छोटा प्रकल्प करतात. नावं शाळेमार्फत जातात, म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच विज्ञानशिक्षकांकडे चौकशी करा. शाळेला पत्र आलं आणि ते फाइलला लागून राहिलं, असंही होतं.

मुलींसाठी ‘विज्ञान ज्योती’. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा हा उपक्रम नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे. तो जवाहर नवोदय विद्यालयांमार्फत चालतो. प्रयोगशाळांना भेटी, शिबिरं, करिअरबद्दल मार्गदर्शन असं त्याचं स्वरूप आहे. तुमच्या जिल्ह्यातल्या नवोदय विद्यालयात विचारा.

थेट नाव नोंदवता येणारी ठिकाणं

इथे फी असते, पण सार्वजनिक आणि स्वयंसेवी संस्था असल्याने ती सहसा आवाक्यातली असते. जागा मात्र थोड्या, त्यामुळे मार्चपासूनच फोन करा.

- विज्ञान केंद्रं: मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचं रमण विज्ञान केंद्र, पणजीजवळ मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र. सुट्टीतले छंदवर्ग इयत्तांप्रमाणे वेगवेगळ्या तुकड्यांत होतात.
- मुक्तांगण: पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर भारतीय विद्या भवनाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. प्रयोग स्वतःच्या हाताने करण्यावर तिथे भर असतो.
- मराठी विज्ञान परिषद: १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुंबईत चुनाभट्टीच्या विज्ञान भवनातून चालते. राज्यात ठिकठिकाणी तिचे विभाग आहेत. मुंबई-पुण्याबाहेरच्या पालकांनी आधी आपल्या भागातल्या विभागाला विचारावं.
- आकाशदर्शन: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईचं खगोल मंडळ १९८५ पासून हौशी निरीक्षकांना घडवत आलं आहे. परिचयवर्ग आणि रात्रभराची निरीक्षणं यांची चौकशी करा. ती चांदण्या रात्री नसतात, अमावस्येच्या आसपास असतात.
- निसर्ग: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ ची संस्था. गोरेगावच्या चित्रनगरीजवळच्या तिच्या केंद्रात मुलांसाठी निसर्गशिबिरं होतात.
- हातकाम आणि तंत्रज्ञान: शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. यंत्रं, शेती, इलेक्ट्रॉनिक्स प्रत्यक्ष करून शिकण्याची ही जागा.
- अटल टिंकरिंग लॅब: नीती आयोगाच्या योजनेतून देशभर १०,००० शाळांत अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तुमच्या शाळेत नसेल तर शेजारच्या शाळेत आहे का पाहा. सुट्टीत काही दिवस ती उघडी ठेवावी अशी विनंती पालकांनी एकत्र केली तर बरेचदा मान्य होते.

खासगी वर्गात फी भरण्याआधी विचारा

खासगी वर्ग सगळे वाईट नसतात. काही ठिकाणी फार मन लावून शिकवलं जातं. फरक ओळखायला पुढचे प्रश्न पुरतात:

१. एका किटवर किती मुलं? दोनपेक्षा जास्त असतील तर एक करतो आणि बाकीचे बघतात.

२. किट मूल घरी नेणार की परत द्यायचं? फीमध्ये किटची किंमत आणि जीएसटी धरला आहे का? आर्डुइनोसारखा बोर्ड, काही सेन्सर, ब्रेडबोर्ड आणि तारा बाजारात सुटं घेतलं तर एक ते दोन हजारांत बसतं. किट याहून फार महाग असेल तर जास्तीचे पैसे कशाचे ते विचारा.

३. शिकवणार कोण? माहितीपत्रकावरचे प्राध्यापक रोज येणार, की उद्घाटनाला येऊन जाणार?

४. रोजचं वेळापत्रक लेखी आहे का? त्यातला किती वेळ हाताने करण्याचा आणि किती पडद्यासमोरचा?

५. प्रयोग फसला तर काय करतात? ‘आमच्याकडे सगळे प्रयोग यशस्वी होतात’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. शिक्षकाने आधीच जोडून ठेवलेली गाडी मुलाने फक्त चालू केली, तर तो शिकला काय?

६. सोल्डरिंग, आम्लं, कटर वापरणार असतील तर चष्मे, हातमोजे आणि प्रथमोपचाराची सोय आहे का?

७. एखादा तास बसून बघू देता का? चांगला वर्ग याला सहसा नाही म्हणत नाही.

नेहमीचे सापळे

‘तुमच्या पाल्याची निवड झाली आहे.’ परदेशी विद्यापीठाच्या नावाने असं पत्र किंवा ईमेल येतो आणि खाली काही लाखांची फी असते. मोठ्या विद्यापीठाची इमारत सुट्टीत भाड्याने घेऊनही शिबिर भरवता येतं. म्हणून शिबिर विद्यापीठाचं आहे की फक्त विद्यापीठात आहे, हे विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासा. परदेशातली खरोखर चुरशीची शिबिरं वेगळी दिसतात. अमेरिकेतली एमआयटीत भरणारी ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ १९८४ पासून चालू आहे आणि निवड झालेल्यांकडून शिकवणीची किंवा राहण्या-जेवणाची फी घेत नाही. मुळात अर्जच केला नसेल तर निवड होईल कशी?

‘नासा भेट.’ फ्लोरिडातलं केनेडी अंतराळ केंद्राचं अभ्यागत संकुल हे तिकीट काढून कुणालाही पाहता येतं. पाहण्यासारखं आहेच. पण ती सहल आहे, प्रशिक्षण नाही. पैसे सहलीचे म्हणून द्या.

प्रमाणपत्र. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि अभियांत्रिकीचा प्रवेशपरीक्षेवर. दहावीला खेळ, रेखाकला परीक्षा, लोककला यांचे वाढीव गुण मिळतात. विज्ञान शिबिराचे मिळत नाहीत. अपवाद ऑलिम्पियाडचा. उदाहरणार्थ, आयआयटी कानपूरने २०२५ पासून ऑलिम्पियाडच्या वाटेने काही प्रवेश सुरू केले आहेत.

‘इस्रो मान्यताप्राप्त.’ असं लिहिलेलं दिसलं तर मान्यतेचं पत्र मागा. आणि युविकाची नोंदणी करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तो अर्ज घरी बसून, फुकट भरता येतो.

तुमचे हक्क

- पावती आणि अटी लेखी मागा. शिबिर रद्द झालं, तारीख बदलली किंवा मूल आजारी पडलं तर किती पैसे परत मिळतील, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तरही जपून ठेवा. पैसे रोखीने न देता खात्यावर द्या.
- फसवी जाहिरात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते. आधी संस्थेला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, वकिलाशिवायही तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.
- शिबिर शाळेनेच भरवलं असेल तर हा मार्ग तितका सरळ नाही, कारण शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येतात का यावर न्यायालयात वाद आहे. तिथे आधी शिक्षक-पालक संघ आणि मग शिक्षणाधिकारी.
- फोटो आणि माहिती. मुलाचे फोटो जाहिरातीत वापरायला नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे. संमतिपत्रातलं ते कलम वाचून, नको असेल तर खोडून सही करा.
- सुरक्षितता. गैरवर्तनाची शंका आली तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ किंवा ११२. पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळलेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना देण्याचं बंधन आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ हे कारण आयोजकांना देता येत नाही.

निवासी शिबिर असेल तर आणखी विचारा: रात्री वसतिगृहात कोण असतं, मुलींसोबत महिला पर्यवेक्षक आहेत का, जवळचं रुग्णालय कोणतं, मुलांना घरी फोन करायची वेळ कोणती. मुलाची औषधं आणि अ‍ॅलर्जी कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं गर्दीत विसरलं जातं.

गावात काहीच नसेल तर

मे महिना महाराष्ट्राला एक प्रयोग फुकट देतो. वर्षातून दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुसरा दिवस आपल्याकडे पावसाळ्यात, ढगांत जातो. पहिला सुट्टीत येतो. पणजीला २ मे, कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या सुमारास. पश्चिमेकडे ही वेळ साडेबाराच्या आसपास येते, नागपूरला बारा वाजून दहा मिनिटांच्या.

काय करायचं ते मुलांना असं सांगा:

१. सपाट जागी मीटरभर काठी ओळंबा लावून सरळ उभी करा. आधीचा आणि नंतरचा आठवडाभर रोज सव्वाबारा ते पाऊण (नागपूरकडे बारा ते साडेबारा) दर पाच मिनिटांनी सावली मोजून वहीत लिहा.

२. दिवसाची सर्वांत लहान सावली वेगळी नोंदवा. तोच तुमच्या गावाचा खरा मध्यान्ह.

३. मामेभाऊ-आतेबहीण दूरच्या गावी असेल तर दोघांनी एकाच दिवशी आपापल्या मध्यान्हाला मोजा. कोल्हापुरात सावली नाहीशी होते त्या दिवशी नागपूरला मीटरभर काठीची सावली पावणेआठ सेंटिमीटरच्या आसपास पडते. त्यावरून सूर्यकिरणांचा कोन निघतो साधारण साडेचार अंश. दोन्ही शहरांमधलं दक्षिण-उत्तर अंतर नकाशावर सुमारे ४९५ किलोमीटर भरतं. साडेचार अंशाला एवढं, तर ३६० अंशांना किती? पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येईल.

मुलांच्या डोक्यावर टोपी हवी, आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही हे बजावून सांगा.

शिवाय अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी, चित्रफिती आणि मराठी पुस्तकं विनामूल्य आहेत. रोज एक खेळणं करायचं ठरवलं तरी मे महिना पुरत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

- जून ते सप्टेंबर: शाळेमार्फत ‘इन्स्पायर अवॉर्ड – मानक’साठी कल्पना पाठवा. सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांना संधी असते, एक शाळा पाचपर्यंत नावं सुचवू शकते आणि निवड झालेल्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. ऑलिम्पियाडची नोंदणीही याच दिवसांत.
- नोव्हेंबर ते जानेवारी: ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा, तालुका आणि जिल्हा विज्ञान प्रदर्शनं. सहभागाचं प्रमाणपत्र मागून घ्या.
- फेब्रुवारी: २८ तारखेच्या विज्ञान दिनाला आयुका आणि खोडदची जीएमआरटी दुर्बीण यांसारख्या संस्था लोकांसाठी खुल्या असतात. मुलाला घेऊन जा. त्याला काय आवडतं ते तिथे कळेल. नववीत असेल तर युविकाच्या नोंदणीवर लक्ष ठेवा.
- मार्च: विज्ञान केंद्रं, छंदवर्ग, शाळेमार्फत जाणारी नावं.
- एप्रिल: खासगी वर्गांची चौकशी, तीही वरच्या प्रश्नांसह.

शिबिराहून आल्यावर

‘काय शिकलास?’ असं विचारलं की ‘खूप काही’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘काय जमलं नाही?’ असं विचारा. न चाललेलं सर्किट, चुकलेलं मोजमाप, अर्धवट राहिलेलं मॉडेल यांतलं एक निवडून मुलाला सुट्टी संपेपर्यंत त्यावर काम करू द्या आणि तारीखवार नोंदी ठेवायला सांगा. शाळा जूनमध्ये उघडली की तीच वही विज्ञानशिक्षकांना दाखवा. त्यातून इन्स्पायरची कल्पना किंवा तालुका प्रदर्शनातला प्रकल्प निघाला, तर तुमच्या सातवीतल्या मुलीची युविकाची तयारी तिथूनच सुरू झालेली असेल.